पूररेषेवरची पेटी

जून २०१४ मधल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही तिघींनी एका वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर पहिल्यांदा सतरंजी अंथरली. सांगलीत कर्नाळ रस्त्याकडेला, आमच्या गल्लीच्या मागं ही वस्ती आहे. इथले बरेचसे बाप मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात, आया धुण्याभांड्याला नाहीतर हळद निवडायला जातात. मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. दुसरी शाळेत शिकवायची आणि तिसरी विलिंग्डन कॉलेजात शिकत होती. पत्र्याच्या पेटीत चाळीसेक पुस्तकं होती. काही नेहरू बाल पुस्तकालयातली, काही ज्योत्स्ना प्रकाशनाची, बाकीची आमची मुलं मोठी झाल्यावर घरात पडून राहिलेली. वर्षभरात त्यांच्या कोपऱ्यांवर पिवळी बोटं उमटली. घरी न्यायला परवानगी होती आणि घरी आयांचे हात हळदीचे होते.

पहिली दोन वर्षं आम्ही चुकलो, हे आधी सांगायला हवं. आम्ही गोष्टी वाचून दाखवायचो, आवाज काढून, हातवारे करून. मुलं खूश, आम्हीही खूश. माधुरी पुरंदरे यांचं यश नावाच्या मुलाचं पुस्तक तर मुलांना पानापानाला पाठ झालं होतं. मग शिक्षिका मैत्रिणीनं ‘असर’ची चाचणी आणली. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे आणि त्याचं साधन अगदी साधं आहे: एका कागदावर काही अक्षरं, काही शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मुलाला वाचायला द्यायचं आणि ते कुठवर पोचतं ते बघायचं. तिसरी-चौथीतली आमची निम्म्याहून जास्त मुलं परिच्छेदाशीच अडली. त्यानंतर एका मुलाला मी त्याचं लाडकं पुस्तक वाचायला दिलं आणि नीट बघितलं. तोंड पुढच्या ओळीत गेलं होतं, बोट अजून मागच्याच ओळीवर होतं. दोन वर्षं तो आम्हाला आमचीच गोष्ट म्हणून दाखवत होता.

तेव्हा पद्धत बदलली. एका मोठ्या माणसाजवळ दोन मुलं, मध्ये एक पुस्तक आणि वाचायचं मुलानं. मूल अडलं की मनात पाचपर्यंत मोजायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. लिहायला सोपं वाटतं, पण समोर मूल एका अक्षरावर घाम गाळत असताना गप्प बसणं मला फार जड गेलं. शब्द आपसूक ओठांवर येतो, आणि आपण तो दिला की मूल आपल्या तोंडाकडं बघायला लागतं. पुस्तकाकडं बघायचं विसरतं.

तिसरीतली एक मुलगी ‘सूर्य’ हा शब्द ‘सूयर’ असा वाचायची. मी चार वेळा दुरुस्त केला असेल. पाचव्यांदा मी गप्प राहिले आणि मग विचारलं, “र शेवटी का गं?” ती म्हणाली, “मावशी, त्यो सगळ्यात शेवटी चढलाय की वर. आपण लिवताना बी शेवटालाच काढतो.” तिचं खरं होतं. रफार आपण शब्द लिहून झाल्यावरच वर काढतो. तिनं डोळ्यांनी बघितलेलं ती प्रामाणिकपणे तोंडानं म्हणत होती, आणि मी इतके दिवस त्याला चूक म्हणत होते. “लिहिताना शेवटी, बोलताना आधी,” एवढंच मी सांगितलं. त्या दिवशी तिनं पुस्तकभर रफार हुडकले. गर्दी, वर्ग, पूर्व... प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून आधी र, मग खालचं अक्षर. सहा वाजून गेले तरी उठेना.

दुसरी चूक बोलीची. “न्हाई नव्हे, नाही म्हण,” असं मी सुरुवातीला सारखं म्हणायची. काही घरांत कानडी बोलतात, काहींत वडारी. त्यांना तर पुस्तकातली मराठी आणि आमची मराठी, दोन्ही नव्याच होत्या. मुलाच्या बोलण्यातूनच वाचण्या-लिहिण्याकडं जायचं, हे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं किती वर्षं करून दाखवलं आहे. आम्ही उशिरा त्या वाटेला लागलो. मुलानं बोललेलं एक वाक्य तो बोलेल तसंच मोठ्या अक्षरात लिहायचं आणि त्यालाच वाचायला द्यायचं. ‘आमची म्हस काल व्यालीया.’ तीन महिने परिच्छेदाशी झगडणाऱ्या मुलानं हे न थांबता वाचलं, मग शेजारच्याला वाचून दाखवलं, मग कागद घडी करून खिशात घातला. त्याच्या आईनं तो कागद देव्हाऱ्याखाली ठेवल्याचं मला पुढं कळलं.

मग ऑगस्ट २०१९. समाजमंदिराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती आणि पेटी माळ्यावर, त्या खुणेच्या दोन हात वर होती. वस्तीतल्या सगळ्यांनीच सामान त्या जुन्या खुणेच्या हिशेबानं वर टाकलं होतं. पण या वेळी नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. शहरातल्या दीडशे वर्षांच्या सांगली नगर वाचनालयातही पाणी शिरलं, हजारो पुस्तकं गेली. त्यापुढं आमची पेटी ती केवढी! पण पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढायचा सोडून मुलं आधी माळ्यावर चढली. कागद फुगल्यामुळं पेटीचं झाकण निघत नव्हतं. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं विटेसारखी घट्ट झाली होती, पान ओढलं की चित्र फाटून हातात यायचं. साध्या कागदाची मात्र हळूहळू सुटली. मुलांनी ती पानं दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, आणि सुकता सुकता त्यांवरचं वाचत उभी राहिली. अकरा पुस्तकं वाचली. नंतरचे काही महिने प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी छापून आम्ही दिवस काढले. त्या कुणालाही मोफत वापरता येतात, हे अशा वेळी किती मोलाचं असतं!

घडी बसते न बसते तोच मार्च २०२० आला. शाळा बंद, समाजमंदिराला कुलूप. घरात एक फोन, तोही बापाबरोबर यार्डात. पाऊस संपल्यावर आम्ही अंगणाअंगणात दोन-दोन मुलं घेऊन बसलो, पण सगळ्यांपर्यंत पोचलो नाही. पुढं ‘असर’चे आकडे आले: देशभरात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. त्याआधीही चित्र काही चांगलं नव्हतं. आमच्या ओट्यावर चौथीत गेलेली मुलं अक्षरांशी अडत होती, आणि अंगानं मोठी झाल्यामुळं त्यांना त्याची लाज वाटत होती. लाजणारं मूल मागच्या रांगेत बसतं, ‘चष्मा फुटलाय’, ‘डोकं दुखतंय’ असं काहीतरी सांगतं. अशा मुलांना आम्ही धाकट्यांना वाचून दाखवायला सांगितलं. सोपं पुस्तक हातात घ्यायला त्यांना कारण मिळालं.

या दहा वर्षांत चाळीसेक माणसं आमच्याबरोबर येऊन गेली. वर्षभर टिकली ती आठ-दहा. परीक्षा, लग्न, नोकरी, घरचं आजारपण, कारणं सगळी खरी असतात. पण एक दुखतं ते सांगते. एक कॉलेजचा मुलगा एका चौथीतल्या पोराबरोबर फार छान वाचायचा. पुस्तक अर्ध्यावर होतं आणि त्याचं येणं बंद झालं, निरोपही नाही. ते पोरगं पावणेचारलाच ओट्यावर येऊन बसायचं, मांडीवर तेच पुस्तक, खुणेला एसटीचं तिकीट. “मावशी, दादा आज बी येणार न्हाई व्हय?” माझ्याबरोबर वाचायला ते तयार होईना. दोन महिन्यांनी तिकीट त्याच पानात ठेवून त्यानं पुस्तक पेटीत परत टाकलं. तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच अट घालते: जमणार नसेल तर आधी त्या मुलाला येऊन सांगायचं, मला नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फलक घेऊन आलेल्या एका संस्थेनं फोटो काढून मुलांच्या आवाक्याबाहेरच्या जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा मी एवढंच म्हटलं: पुस्तकं नकोत, दर शनिवारचा एक माणूस द्या. माणूस मिळाला नाही.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. रात्री वीज गेलेली, आम्ही सगळे घर सोडायचं की नाही या विचारात गल्लीच्या तोंडाशी उभे. कुणाच्या तरी फोनवर पातळीचा संदेश आला. फोन ज्यांचा होता त्यांनी तो शेजारच्या पोरीच्या हातात दिला. रफारवाली तीच, आता आठवीत गेलेली. फोनच्या उजेडात ती मोठ्यानं वाचायला लागली. आयर्विन पूल, इतके फूट, इतके इंच. कोयना धरणातून... इथं ती थांबली. मागून कुणीतरी घाईनं काही बोलायला गेलं, तिच्या आजीनं हात वर करून त्याला गप्प केलं. ती पुटपुटली, मग स्पष्ट म्हणाली, “विसर्ग.” पुढचं सगळं सलग वाचलं. आजीनं विचारलं, “म्हंजे सोडलं का पाणी?” “सोडलं. वाढणार हाय, आज्जे. निघूया.” आणि आम्ही निघालो.

तेव्हापासून मिरगाच्या आधीच्या शनिवारी आम्ही वाचायला बसत नाही. विश्रामबागेत उंचावर मैत्रिणीचं घर आहे, पेटी तिच्या माडीवर न्यायची असते. पुस्तकं आता दोनशेच्या वर गेलीत, पेट्या तीन झाल्यात. नेण्याआधी यादी करायची. एक जण पेटीतून पुस्तक काढून नाव वाचतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा भरतो. दोन तासांचं काम आहे. यंदाच्या जूनमध्ये अंधार पडला तरी पहिलीच पेटी चालू होती, कारण नाव वाचून झालं की काढणारा आतलं पहिलं पान उघडायचा आणि लिहिणारा वही खाली ठेवून त्याच्याजवळ सरकायचा. रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. मी त्याला अर्धा तास थांबायला सांगितलं.