वेल्डिंग मशीनचा आवाज : नेहमीचा कोणता, धोक्याचा कोणता?

आय.टी.आय. करून घराच्या पडवीत किंवा भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे लहानसे काम सुरू करणारे तरुण आपल्या अनेक सभासदांच्या घरांत आहेत. खिडकीच्या जाळ्या, लोखंडी दरवाजे, टाकीचे स्टँड अशी कामे त्यांना मिळतात. त्यासाठीची पहिली मोठी खरेदी म्हणजे वेल्डिंग मशीन. बटण दाबताच ते घूंऽऽ करू लागते आणि नवशिक्याच्या मनात धडकी भरते. प्रस्तुत लेखकाने जुने मशीन घेतले तेव्हा या आवाजाला घाबरूनच ते दुरुस्तीला नेले. कारागिराने ते उघडले, पुसले, पुन्हा बंद केले व पैसे घेतले. आवाज होता तसाच राहिला. तो राहणारच होता!

त्याचे कारण पाहू. ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये पोलादाच्या पातळ पत्र्यांची घट्ट थप्पी असते. तिला गाभा म्हणतात. त्यावर तांब्याच्या वा अॅल्युमिनियमच्या तारेची कॉइल असते. लोखंडातील चुंबकत्व बदलले की त्याची लांबी अतिशय सूक्ष्म प्रमाणात बदलते, हे जेम्स ज्यूल या शास्त्रज्ञाने १८४२ साली दाखवून दिले. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेला पोहोचते, म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. आपण ऐकतो तो घूं हाच. (अमेरिकेत ६० आवर्तने असल्याने तेथील मशीनचा सूर थोडा चढा असतो.) रिकामे मशीन मंद गुणगुणते. रॉड टेकवताच प्रवाह वाढतो, कॉइलही थरथरू लागते आणि आवाज भारी होतो. यात बिघाड काही नाही.

इन्व्हर्टर मशीनचे मात्र उलट. त्यातील विजेची उघडझाप बहुधा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा होते व ती आपल्या कानाच्या पलीकडची असते. ऐकू येतो तो मुख्यतः पंखा आणि बऱ्याच मशीनमध्ये सुरुवातीला रिलेचा एक 'टक्'. तापल्यावर दिवा लागून वेल्डिंग थांबते, पंखा तेवढा फिरत राहतो. अशा वेळी बटण बंद करू नये, पंख्याला त्याचे काम करू द्यावे.

आर्कचा आवाज तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम कान देऊन ऐकावा. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चरचर आवाज असेल तर करंट व अंतर ठीक आहे. रॉड फार वर धरला की फसफस होते व ठिणग्या उडतात. रॉड ओला असेल तर फटफट उडतो. रॉड चिकटला की मशीन कण्हते, तेव्हा होल्डरला झटकन पीळ द्यावा. तरीही न सुटल्यास रॉड होल्डरमधून सोडावा.

आता धोक्याचे आवाज. खडखड बहुधा कव्हरच्या ढिल्या स्क्रूची असते. प्लग काढून तो आवळला की झाले. परंतु रिकाम्या मशीनचा घूं एकाएकी वाढला व ते तापू लागले, तर कॉइलचे वेढे आतून एकमेकांना चिकटल्याची शंका घ्यावी. पंखा मुका झाला तर काम तेथेच थांबवावे. चट्‌चट् आवाज आणि जळका वास आला तर क्षणही न दवडता मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर घरी उघडूच नये, कारण प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पुढे दोन वर्षांनी त्याच जुन्या मशीनमधून चट्‌चट् येऊ लागले. एव्हाना भीती मोडली होती, म्हणून लेखकाने तिकडे लक्षच दिले नाही. केबलचा लग ढिला झाला होता. चौथ्या दिवशी टर्मिनलची पट्टी जळून काळी पडली. ती बदलेपर्यंत हाती आलेले जाळ्यांचे काम दुसऱ्याकडे गेले.