लॅक्टेट-वाहकांचे रोधन : कर्करोगसंशोधनातील एक साधन

कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी प्राणवायू उपलब्ध असूनही शर्करेचे पूर्ण ज्वलन न करता तिचे लॅक्टेट बनवितात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०नंतरच्या दशकात दाखवून दिले. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने लॅक्टेटचे दोन रेणू होतात. ते आतच साचले तर पेशीची आम्लता वाढून शर्करेचे विघटनच मंदावते. म्हणून त्यांना बाहेर वाट देणे पेशीस भाग पडते.

ही वाट म्हणजे पेशीपटलातील एमसीटी नावाची वाहक प्रथिने होत. त्यांच्या कुलात १४ घटक असून लॅक्टेटचे वहन पहिल्या चारांकडे आहे. दर फेरीस लॅक्टेटबरोबर हायड्रोजनचा एक आयन जातो. मात्र दिशा वाहक ठरवीत नाही. पटलाच्या दोन्ही बाजूंकडील या आयनांची संहती ती ठरविते. परिणामी तोच वाहक एका पेशीची मोरी ठरतो, तर दुसरीचे अन्नद्वार.

येथेच ‘रोधक’ या संज्ञेविषयी सावध राहावयास हवे. रोधणे ही क्रिया सकर्मक आहे. काय रोधले हे सांगितल्यावाचून तिचा अर्थ पुरा होत नाही. पिएर सोन्वो व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली मांडलेली उपपत्ती पाहावी. अर्बुदातील प्राणवायुसंपन्न पेशी लॅक्टेटवर निर्वाह करतात, त्यामुळे ग्लुकोज आतल्या, प्राणवायूस मुकलेल्या पेशींसाठी शिल्लक उरते. एमसीटी-१ अडविल्यास पहिल्या पेशी ग्लुकोजकडे वळतात व दुसऱ्या उपासमारीने मरतात. उपपत्ती मोठी आकर्षक आहे. परंतु तीत वापरलेले सायनोसिनॅमेट वर्गातील द्रव्य पायरुव्हेटचा तंतुकणिकांतील प्रवेशही अडविते, आणि तेही कितीतरी अल्प मात्रेत. या वर्गाचा हा गुण हॅलस्ट्रॅप व डेंटन यांनी १९७४ सालीच निदर्शनास आणला होता. सोन्वो यांनी एमसीटी-१चे जनुक दाबून पाहण्याची जोड दिली होती, हे नमूद करणे न्याय्य होईल. केवळ द्रव्यावर विसंबणाऱ्या इतर प्रयोगांचे निष्कर्ष मात्र संदिग्धच राहतात.

नंतरची द्रव्ये अधिक नेमकी आहेत. एआर-सी१५५८५८ हे एमसीटी-१ व २ यांना अत्यल्प मात्रेत अडविते, एमसीटी-४ला नाही. ही उणीव प्रयोगात उपयोगी पडते: ज्या पेशी रोधकाने मंदावतात, त्यांत एमसीटी-४ घालावे. वाढ पूर्ववत झाली, तर परिणाम लॅक्टेटची वाट अडल्यामुळेच होता, असे म्हणण्यास आधार मिळतो. रोगोपचाराच्या दृष्टीने मात्र हीच बाब अडचणीची आहे. कारण प्राणवायूच्या अभावी पेशी एमसीटी-४ स्वतःच वाढवितात.

याच जातीच्या एझेडडी३९६५ या द्रव्याची ब्रिटनमध्ये प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. तीत काहींच्या दृष्टिपटलाच्या विद्युत्-प्रतिसादात बदल आढळले. डोळ्यातील लॅक्टेटचे वहनही याच वाहकांवर अवलंबून असते.