बंदुकीची लाथ

वऱ्हाडात ज्याच्या शेतात तूर-हरभरा उभा आहे, त्यास रानडुक्कर आणि रोही यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हौसेच्या शिकारीवर बंधने आली; मेळघाट 1973–74 मध्येच पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला. तरी पिकासाठी लेखी परवानगीने बंदूक धरणारा माणूस आहेच. त्याच्या खांद्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

गोळी पुढे जाते, म्हणून बंदूक मागे येते. हा न्यूटनचा नियम. लष्करातल्या जुन्या 303 रायफलीची गोळी सुमारे 11 ग्रॅमची, वेग सेकंदास 740 मीटरच्या आसपास. दारूच्या वायूचा रेटा धरला, तर 4 किलोची रायफल सेकंदास पावणेतीन मीटर वेगाने खांद्यावर आदळते. तीच 5 किलोची असती, तर धक्क्याची ऊर्जा पंचमांशाने घटली असती. वजन हा पहिला उपाय. 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांच्या स्पर्धेतील रायफल 8 किलोपर्यंत चालते आणि गोळी अडीच ग्रॅमची. तिथे लाथ नावालाच.

दुसरा उपाय दस्त्यामागील रबरी गादीचा. ती धक्का नाहीसा करीत नाही. क्षणभर लांबविते आणि अधिक जागेवर पसरविते. आपल्या कापसाच्या गादीवर पडणे आणि फरशीवर पडणे यांतला फरक तोच. तिसरा, दस्ता अंगाच्या मापाचा हवा आणि खांद्याच्या खळगीत घट्ट बसविलेला हवा. सैल धरला तर तो ठोसाच मारतो. नळीच्या तोंडाशी वायू बाजूस सोडणारे जोडकामही असते, पण त्याने आवाज वाढतो. कान झाकलेच पाहिजेत.

मंडळी, प्रश्न केवळ दुखण्याचा नव्हे. लाथेची धास्ती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, डोळे मिटतो. गोळी भलतीकडे जाते. जनावर जखमी होऊन तडफडते. शेजारच्या धुऱ्यावर रात्री राखणीला बसलेला मजूर धोक्यात येतो. "मर्दासारखे सोस" हा सल्ला म्हणूनच खोटा. सरावाला हलकी काडतुसे आणि मोजकेच बार, हे खरे शहाणपण.

जिनिंगमध्ये असो वा शेतात, हत्यार माणसाच्या अंगाला जुळवावे. अंग हत्याराला जुळवू नये.