व्यसनमुक्तीची गोळी चालू आहे? ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्यासाठी आपले काही बांधव डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतात. पण ऑपरेशन ठरले की, मग ते कूपरमध्ये असो वा अंधेरीतल्या खासगी नर्सिंग होममध्ये, शरमेपोटी ते ही गोष्ट लपवतात. हे धोक्याचे आहे.

नाल्ट्रेक्सोन ही गोळी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोल यांसारख्या वेदनाशामकांचे काम अडवते. त्यामुळे ऑपरेशननंतर नेहमीच्या डोसने दुखणे थांबत नाही, आणि डोस वाढवला तर श्वास मंदावू शकतो. म्हणून ही गोळी साधारणपणे किमान ७२ तास आधी थांबवतात. महिन्याच्या इंजेक्शनचा असर मात्र सुमारे ४ आठवडे राहतो.

डायसल्फिरामची अल्कोहोलशी होणारी प्रतिक्रिया शेवटच्या गोळीनंतर २ आठवड्यांपर्यंत उद्भवू शकते. सिरपमधले अल्कोहोलही तिला पुरते. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिकही तिच्यासोबत देत नाहीत. अकॅम्प्रोसेट वेदनाशामकांना अडवत नाही, तरी तेही सांगावेच.

कोणतीही गोळी मनाने बंद किंवा सुरू करू नका. भूलतज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचे डॉक्टर मिळून ते ठरवतील. अचानक ऑपरेशनची वेळ आली तर कळावे म्हणून औषधाची चिठ्ठी खिशात ठेवा.

कार्यकर्त्यांनो, गोळी बंद असलेल्या दिवसांत दारूची ओढ परतू शकते. त्या दिवसांत आपण अशा बांधवासोबत राहू या. शील पाळण्यासाठी औषध घेण्यात कसली शरम?

जय भीम!