अदृश्य सवंगडी आणि पालकांची धास्ती

तान्हे मूल झोपेत हसले की सटवाई त्याच्याशी खेळते आहे, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. तेच मूल चार वर्षांचे होऊन अंगणात एकटेच कुणाशी तरी बोलू लागले, ‘त्याच्या’साठी ताटात वेगळा घास काढू लागले, की घरातल्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळते. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी मग सल्ले दोन दिशांनी येतात. कुणी बाहेरची बाधा म्हणून देवऋषाचे नाव सुचवतो, तर शिकलेली मंडळी ‘व्यक्तिमत्त्वात काही बिघाड तर नाही ना’ अशी शंका काढतात. दोहोंमागची भीती एकच असते आणि बहुतेक वेळा ती अनाठायी असते.

अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी हा विषय अनेक वर्षे अभ्यासला. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी लाभल्याचे आढळले. जिवंत समजून वागवलेली खेळणीही या गणतीत होती. ती मुले अमेरिकेतली होती हे खरे. पण बाहुलीला ताप आला म्हणून तिला औषध पाजणारी पोर आपल्याकडे कुठल्या घरात नसते? महत्त्वाचे म्हणजे हा सारा खेळ आहे, हे मुलाला ठाऊक असते. फार खोदून विचारले तर ‘तो खोटा खोटा आहे’ असे तेच मोठ्यांना समजावते.

व्यक्तिमत्त्व विकार ही निराळीच गोष्ट. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी नाते जोडण्याची रीतच वर्षानुवर्षे ताठर होऊन बसते व जगणे अवघड करते, तेव्हा ते निदान होते, तेही सहसा प्रौढ वयात. चार वर्षांच्या मुलाला ते लावताच येत नाही. गोंधळ होतो तो नावामुळे. एकाच माणसात अनेक ‘मी’ वावरतात त्या आजाराला पूर्वी बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीने १९९४ मध्ये ते नाव बदलले. त्याची गणना व्यक्तिमत्त्व विकारांत होत नाही. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटातला स्किझोफ्रेनिया हा आणखी तिसराच आजार. त्यात भास आणि वास्तव यांतली सीमाच पुसली जाते.

अदृश्य सोबत आपल्या मातीला परकी नाही. अहमदपूरपासून फार दूर नसलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंना विठ्ठल दळू लागे, ही कथा मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. भक्तीला मानसशास्त्राच्या तराजूत घालण्याचा हेतू नाही. पण एकटीच्या कष्टात सोबती असावा, ही ओढ आपण सहज समजून घेतो. मुलाच्या बाबतीतच आपण का बिचकतो, कळत नाही.

काळजी कधी करावी? सवंगडी हुकूम सोडू लागला, स्वतःला वा दुसऱ्याला इजा कर म्हणू लागला, मूल त्याला भिऊ लागले आणि ‘जा’ म्हटल्याने तो जाईनासा झाला, तर. मधल्या काळाचे काही आठवेनासे झाले, झोप, जेवण, शाळा बिघडली, तरीही. अशा वेळी मुलावर कुणी हात तर उगारत नाही ना, काही अत्याचार तर झालेला नाही ना, हे आधी पाहावे. असह्य प्रसंगातून गेलेले मूल मनातल्या मनात आडोसा शोधते, तो असा दिसू शकतो.

अशा मुलाला अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेणे म्हणजे भीतीवर भीती चढवणे होय. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे वा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचार विभाग आहेत. तिथवर जाण्याआधी बोलायचे असेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. आणि यांपैकी कोणतेच लक्षण नसेल, तर त्या सवंगड्याचे नाव विचारावे, त्याला काय आवडते ते ऐकावे. मूल हौसेने सांगते.