पहिला कोळी कोणता पाळावा?

जांबोटीहून चोर्ला घाटाकडे जाताना रस्त्याकडेच्या मातीच्या दरडींत रेशमी अस्तराची वाटोळी बिळे दृष्टीस पडतात. त्यांत राहणाऱ्या मोठ्या, केसाळ कोळ्यास टॅरँटुला म्हणतात. असा कोळी पाळण्याची हौस एखाद्या बेळगावकर वा निपाणीकर तरुणास झाली, तर त्याचे लक्ष प्रथम त्या बिळाकडेच जाणे स्वाभाविक आहे. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने ती निवड सर्वांत चुकीची होय.

याचे पहिले कारण स्वभावाचे. अमेरिका खंडातील बहुतेक टॅरँटुला संकटसमयी पोटावरील खाजरे केस उडवितात. आपल्याकडील जातींपाशी हे शस्त्र नाही. म्हणून त्या विजेच्या वेगाने पळतात, नाहीतर चावतात. पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ साली कानडा मुलखातून वर्णिलेला थ्रिग्मोपीअस हा असाच बिळात राहणारा तापट कोळी. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पोइसिलोथेरियाच्या दंशाने तर स्नायूंत गोळे येऊन माणूस कित्येक दिवस हैराण होतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मादी वयात यावयास कित्येक वर्षे लागतात. एक बीळ उकरले की त्या दरडीतील पुढची पिढीच उचलली जाते.

मग निवड कोणती? मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा हा मंद, जमिनीवर राहणारा आणि चुका सोसणारा कोळी. मात्र तो पाळणाऱ्याकडे जन्मलेलाच घ्यावा. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी आवश्यक आहे. कागदपत्रांवाचून कोणी देऊ लागल्यास नकार द्यावा.

पेटी उंच नसावी, कारण थोड्या उंचीवरून पडूनही कोळ्याचे पोट फुटते. तळाशी खोल माती, लपावयास आडोसा, उथळ भांड्यात पाणी आणि आठवड्यास एखादा रातकिडा एवढे त्यास पुरते. तो उताणा पडलेला दिसल्यास मेला असे समजू नये; तो कात टाकीत असतो. त्या काळात त्यास स्पर्श करू नये, खाद्यही घालू नये. हातावर खेळविण्याचा हा प्राणी नव्हे.

मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. शाळकरी वयात आणलेला कोळी मालकाच्या लग्नानंतरही घरात असेल, हे ध्यानी धरूनच तो आणावा. घाटातला कोळी मात्र घाटातच राहू द्यावा. तो पाहावयास रात्रीची वेळ, हाती विजेरी आणि थोडा धीर पुरेसा आहे.