व्हॉल्व्ह बदलला, पण ट्रान्सफॉर्मरचं काय?

सोलापुरात यंत्रमागाची मोटार जळाली की ती वाइंडिंगच्या दुकानात जाते. तारेचं गेज ओळखणारं हे कसब घरी जुळवलेल्या व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायरलाही उपयोगी पडतं. कारण आउटपुट व्हॉल्व्ह बदलायचे म्हटलं की गाडी शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशीच येते.

व्हॉल्व्ह आपल्याला नवे नाहीत. १९४० साली सुरू झालेल्या दिल्लीच्या अहुजा कंपनीच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर कधीकाळी लग्नांतले, जत्रांतले कर्णे वाजत. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘ईएल८४’ व्हॉल्व्ह देशातच बनवले. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि कर्ण्यांनी व्हॉल्व्ह सोडले. गिटारवाल्यांनी मात्र सोडले नाहीत. ताकदीच्या टोकाला नेल्यावर व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू फाटत जातो, आणि तो फाटलेपणाच त्यांना हवा असतो.

समजा, ॲम्प्लिफायर ‘६व्ही६’च्या जोडीवर बांधलेला आहे आणि मालकाला हवेत ‘ईएल३४’. दोघांचा सॉकेट आठ पिनांचाच, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह सहज बसतो. फसगत इथेच होते. ‘६व्ही६’चं हीटर ०.४५ अँपिअर घेतं, ‘ईएल३४’चं १.५. म्हणजे जोडीमागे ०.९ ऐवजी ३ अँपिअर. जुन्या वाइंडिंगला ते झेपलं नाही तर ट्रान्सफॉर्मर तापत तापत जळतो. रेक्टिफायरचंही तेच: ‘५वाय३’ची मर्यादा १२५ मिलिअँपिअर. पूर्ण आवाजात ‘ईएल३४’ची जोडी त्याहून बरंच अधिक मागते. तिथे ‘जीझेड३४’ लागतो. ‘ईएल३४’ची पहिली पिन आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला, जोडावी लागते. ‘६व्ही६’ला त्या पिनेची गरज नसल्याने काही कारागीर तिथे एखादा रेझिस्टर टेकवतात, तो आधी हलवायचा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं गणित वेगळं. ‘६व्ही६’च्या जोडीला साधारण ८,००० ओहमचा भार चालतो, ‘ईएल३४’ला ३,४०० च्या आसपास. १६ ओहमच्या टॅपला ८ ओहमचा स्पीकर लावला तर ८,०००चे ४,००० होतात. जुगाड म्हणून हे चालतं, पण गाभा लहान असेल तर खर्जाचा आवाज दबतो. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा तर कारागिराला एक गोष्ट बजावून सांगावी: प्रायमरी आणि सेकंडरी एकाआड एक थरांत गुंडाळायची. एकावर एक सरसकट गुंडाळली तर वरचे सूर हरवतात. मोटारीच्या आणि आवाजाच्या वाइंडिंगमधला फरक हाच.

शेवटी बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणं. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला की मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ‘ईएल३४’ची प्लेट २५ वॅट सोसते, त्याच्या ७० टक्क्यांवर थांबायचं तर ४०० व्होल्टला सुमारे ४४ मिलिअँपिअर येतात. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हाळ्यात त्याहून खालीच राहिलेलं बरं.

दोन पथ्यं मात्र कधीही मोडायची नाहीत. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर चालवायचा नाही, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे करून, मीटरने खात्री करून मगच आत हात घालायचा. आणि व्हॉल्व्हवर पैसे खर्च करण्याआधी ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासायची. ती पुरेशी नसेल तर ‘६व्ही६’च ठेवावेत, छोट्या खोलीतल्या गिटारला त्यांचा आवाज पुरून उरतो.